आभासी नाणें, सरकारचें पाठबळ व शेतकऱ्याची पत

गेल्या कांहीं वर्षांपासून खेड्यापाड्यांतही 'क्रिप्टो', 'बिटकॉइन', 'ब्लॉकचेन', 'डिजिटल रुपया' हे शब्द कानांवर येऊं लागले आहेत. उंसाचें बिल अथवा कापसाची पट्टी हातीं पडण्याचा सुमार झाला कीं, "आतां सरकारनेंच यास मान्यता दिली आहे" असें सांगत कोणी तरी मोबाइलवर वाढत्या भावाचीं कोष्टकें दाखवूं लागतो. आणि ज्यानें आजवर सातबारा व पासबुक यांपलीकडे पैशाचा कागद पाहिला नाहीं असा विचारी गृहस्थही क्षणभर घोटाळ्यांत पडतो. सरकारनें मान्यता दिली म्हणजे नेमकें काय केलें, कोणत्या सरकारनें केलें, व त्यांत शेतकऱ्याचें हित कितपत आहे, याचा उलगडा व्हावा या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आरंभींच एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. पैशाच्या देवघेवीचीं नवीं साधनें हें एक प्रकरण, आणि नवें नाणें हें दुसरें. टपालखात्यानें मनिऑर्डरची सोय काढली तेव्हां रुपया बदलला नाहीं. रुपया पोहोंचविण्याची रीत बदलली. आजच्या यंत्रविद्येंतही असेच दोन भाग आहेत. पहिल्यास निरनिराळ्या सरकारांनीं मोठें पाठबळ दिलें आहे. दुसऱ्यास फारच थोड्यांनीं. परंतु पहिल्याच्या पुण्याईवर दुसऱ्याचा माल खपविणारे लोक पुष्कळ आहेत, व शेतकऱ्याची फसगत होते ती बहुधा येथेंच.

नोंदवही व नाणें

प्रथम नोंदवहीची गोष्ट घेऊं. गांवचा वाणी उधारीची वही ठेवतो. वही त्याच्या हातीं. म्हणून हिशेबाविषयीं तंटा उद्भवल्यास त्याचाच शब्द खरा ठरण्याचा संभव अधिक. आतां समजा, तीच वही गांवांतील शंभर घरीं एकाच वेळीं लिहिली जाते, प्रत्येक पानावर मागील पानाची खूण उतरून घेतलेली असते, आणि बहुतेक वह्या जुळल्यावांचून कोणतीही नोंद पक्की होत नाहीं. अशा स्थितींत एखाद्यानें आपल्या वहींतील जुना आंकडा खोडला तर पुढील सर्व पानांवरील खुणा चुकतात व लबाडी तत्काळ उघडकीस येते. ब्लॉकचेन, म्हणजे साखळीबद्ध नोंदवही, ती हीच. वह्यांच्या जागीं संगणक व खुणेच्या जागीं गणितानें काढलेला आंकडा, एवढाच फरक.

मात्र अशा वहीचा एक दोष सांगितला पाहिजे. ती लिहिलेली नोंद पुढें बदलूं देत नाहीं; परंतु लिहितांनाच खोटी नोंद केली तर तीही तितक्याच निष्ठेनें जपून ठेवते. गोदामांत पन्नास पोतीं असतां साठ लिहिलीं, तर यंत्र पोतीं मोजावयास जात नाहीं. प्रामाणिक मोजणाऱ्याची गरज यंत्रविद्येनें संपत नाहीं.

बिटकॉइन हें अशा वहींतील एक नाणें. सातोशी नाकामोतो हें नांव धारण करणाऱ्या अज्ञात व्यक्तीनें किंवा मंडळीनें त्याची योजना २००८ सालीं प्रसिद्ध केली, व २००९ च्या जानेवारींत तें चालू झालें. एकंदर नाणीं २ कोटी १० लाखांहून अधिक निघावयाचीं नाहींत असा त्याचा नियम आहे. त्यामागें कोणतेंही सरकार नाहीं, सोनें नाहीं, जमीन नाहीं, कीं कोणाचें देणें नाहीं. घेणारा देईल ती त्याची किंमत. पुरवठा ठरीव व मागणी लहरी, म्हणून भाव वावटळीसारखा वरखालीं होतो. कांद्याचा भाव कोसळला तरी कांदा खातां येतो. या नाण्यास तोही उपयोग नाहीं. वही चांगली असूं शकते. म्हणून तींतील प्रत्येक नाणें चांगलें ठरत नाहीं.

एल साल्वादोरचा प्रयोग

आभासी नाण्यास सरकारनें सर्वस्वी पाठबळ दिल्यास काय होतें, हें पाहण्यास एल साल्वादोर या देशाचें उदाहरण फार उपयोगी आहे. मध्य अमेरिकेंतील हा देश सुमारें २१,००० चौरस किलोमीटर क्षेत्राचा, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडा मोठा; लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. एकोणिसाव्या शतकापासून तो कॉफीच्या मळ्यांवर पोसला गेला. २००१ सालापासून तेथें अमेरिकेचा डॉलर हेंच चलन चालतें. त्या देशाचे लक्षावधि लोक मजुरीसाठीं अमेरिकेंत गेले असून, त्यांनीं घरीं पाठविलेला पैसा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या पंचमांशाहून अधिक भरतो. बहुसंख्य लोकांचें बँकेंत खातें नव्हतें, आणि परदेशांतून पैसा आणण्यास दलाली पडे.

या अडचणींवर उपाय म्हणून अध्यक्ष नायिब बुकेले यांनीं बिटकॉइनला कायदेशीर चलन करण्याचें विधेयक आणलें. जून २०२१ मध्यें ८४ सभासदांच्या विधिमंडळानें तें ६२ मतांनीं संमत केलें व ७ सप्टेंबर २०२१ पासून कायदा अमलांत आला. जगांत असें करणारें हें पहिलेंच राष्ट्र. पाठबळ देण्यांत सरकारनें हात आखडला नाहीं. 'चिवो' नांवाची सरकारी थैली मोबाइलवर घेणाऱ्यास ३० डॉलरचें बिटकॉइन फुकट मिळे. देशांत ठिकठिकाणीं पैसे काढण्याचीं यंत्रें उभीं केलीं गेलीं. नाण्याचे डॉलर करून देण्यासाठीं १५ कोटी डॉलरचा निधि बाजूस काढला; आणि कायद्याच्या सातव्या कलमानें प्रत्येक व्यापाऱ्यावर हें नाणें स्वीकारण्याचें बंधन घातलें. ज्यांजवळ साधनच नाहीं त्यांना तेवढी सूट होती.

परिणाम काय झाला? पहिल्याच दिवशीं नाण्याचा भाव ५२,००० डॉलरच्या सुमारास होता तो एका वेळीं ४३,००० पर्यंत उतरला, व सरकारी थैलीचें यंत्र कांहीं तास बंद ठेवावें लागलें. पुढें नोव्हेंबर २०२१ मध्यें भाव ६९,००० च्या घरांत चढला आणि बरोबर एका वर्षानें, नोव्हेंबर २०२२ मध्यें, १६,००० च्या आसपास आला. या आंकड्यांचा अर्थ शेतकऱ्याच्या भाषेंत असा. ज्यानें पहिल्या वर्षीं कॉफी विकून शंभर डॉलर किंमतीचें नाणें घेतलें व पुढील हंगामाच्या खतासाठीं राखून ठेवलें, त्याच्या हातीं खताच्या वेळीं तेवीस डॉलर उरले. पुढें २०२४ च्या डिसेंबरांत हाच भाव एक लाख डॉलरच्या वर गेला हेंही खरें, आणि सरकारनें घेऊन ठेवलेल्या नाण्यांवर त्यामुळें कागदोपत्रीं नफा दिसला. परंतु खताची वेळ तीन वर्षें थांबत नाहीं. जो धनिक थांबूं शकतो त्यास ही चढउतार सोसते. ज्याच्या पैशाची तारीख पिकानें ठरविलेली आहे त्यास सोसत नाहीं.

लोकांनींही हा धडा लौकरच घेतला. अर्थशास्त्रज्ञांनीं फेब्रुवारी २०२२ मध्यें तेथील सुमारें १,८०० घरांची पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, ज्यांनीं सरकारी थैली घेतली त्यांतील निम्म्याहून अधिकांनीं फुकटचे ३० डॉलर खर्चून ती बाजूस टाकली. आणि जे वापरीत राहिले ते बहुतेक तरुण, शिकलेले व आधींपासूनच बँकेंत खातें असलेले होते. म्हणजे ज्यांच्या नांवानें योजना काढली, त्या खातें नसलेल्या गरिबांपर्यंत ती पोहोंचलीच नाहीं. परदेशांतून येणाऱ्या पैशापैकीं या मार्गानें येणारा भाग शेंकडा दोनहूनही कमी राहिला. अखेर देशास कर्जाची गरज पडली. डिसेंबर २०२४ मध्यें आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशीं १४० कोटी डॉलरच्या मदतीचा करार ठरला. व २९ जानेवारी २०२५ रोजीं विधिमंडळानें कायदा बदलून नाणें स्वीकारण्याची सक्ति काढून टाकली. कर डॉलरमध्येंच भरावयाचा असेंही ठरलें. साडेतीन वर्षांत चक्र पूर्ण फिरलें.

येथें एक गोष्ट आपल्याशीं ताडून पाहण्यासारखी आहे. साल्वादोरच्या सरकारला पाहिजे होतें तें एवढेंच, कीं गरिबाचा पैसा कमी खर्चांत, तत्काळ, एका हातांतून दुसऱ्या हातांत जावा. भारतांत देशांतल्या देशांत तेंच काम २०१६ सालीं सुरू झालेल्या यु.पी.आय. पद्धतीनें झालें. भाजीवाल्यापासून खतविक्रेत्यापर्यंत सर्वांनीं ती उचलली, आणि त्यासाठीं कोणास नवें नाणें घ्यावें लागलें नाहीं. रुपया तोच राहिला, वाट सुधारली. वाट सुधारावयाची असतां नाणें बदलणें म्हणजे रस्ता खराब म्हणून बैल विकण्यापैकीं होय.

वायोमिंगची सावध चाल

याहून निराळें उदाहरण अमेरिकेंतील वायोमिंग राज्याचें आहे. हें गुराढोरांच्या कुरणांचें, विरळ वस्तीचें राज्य; लोकसंख्या सहा लाखांच्या आंत. अमेरिकेच्या राज्यघटनेनें घटक राज्यांस नाणें पाडण्याची मनाई केली आहे. तेव्हां वायोमिंगनें निराळी वाट धरली. २०१९ सालीं तेथें आभासी मालमत्ता सांभाळणाऱ्या पेढ्यांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. आणि २०२३ च्या कायद्यानें राज्यानें स्वतःची एक डिजिटल हुंडी काढावयाचें ठरविलें. ही हुंडी साखळीबद्ध नोंदवहीवर चालते. मात्र तिच्या प्रत्येक डॉलरमागें रोख डॉलर व अमेरिकन सरकारचे अल्प मुदतीचे रोखे, शंभरास एकशें दोन या प्रमाणांत, राखून ठेवण्याचें बंधन आहे. त्या राखीव रकमेवरील व्याज राज्याच्या शाळांच्या निधीकडे जावयाचें आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें ती प्रसिद्धपणें चालू झाल्याचें जाहीर झालें.

दोन्ही उदाहरणांतील भेद स्पष्ट आहे. एका ठिकाणीं ज्यामागें कांहीं नाहीं असें नाणें सक्तीनें चालविलें. दुसऱ्या ठिकाणीं ज्यामागें पुरेपूर तारण आहे अशी हुंडी ऐच्छिक ठेवली. एकाचा भाव रोज बदलतो. दुसरीनें आपली किंमत डॉलरशीं बांधून घेतली. सरकारी पाठबळ हा शब्द दोहोंस लागतो, पण त्याचा अर्थ एक नाहीं. म्हणून "सरकारचा पाठिंबा आहे" असें कोणी म्हणतांच, सरकारनें तारण दिलें आहे कीं केवळ परवानगी, हें प्रथम विचारावें.

आपल्या राज्याच्या हातीं काय आहे

आतां घरचें पाहूं. भारताच्या राज्यघटनेंत चलन, नाणीं व कायदेशीर चलनाचा दर्जा हे विषय केंद्राच्या सूचींत आहेत. महाराष्ट्र सरकारची इच्छा असली तरी तें स्वतःचें नाणें काढूं शकत नाहीं. म्हणून राज्य सरकारनें अमुक आभासी नाण्यास मान्यता दिली, असें सांगणारा मनुष्य एक तर अज्ञानी असला पाहिजे किंवा लबाड. परंतु शेती, जमिनीचे अभिलेख, बाजार, सावकारी व सहकारी संस्था हे विषय राज्याच्या सूचींत आहेत. शेतकऱ्याची पत ज्या खांबांवर उभी राहते ते हेच. म्हणून राज्याचें खरें काम येथें आहे.

२०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें पैशाच्या व्यवहारांतील नव्या यंत्रविद्येविषयीं स्वतंत्र धोरण मंजूर केलें. मुंबईस या उद्योगाचें अग्रगण्य ठाणें करावें, नव्या उद्योगांस जागा, भांडवल व प्रयोगाची सोय द्यावी, असा त्याचा रोख होता. हें धोरण मुख्यतः शहरांतील नव्या कंपन्यांसाठीं होतें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें त्याच सुमारास घडलेल्या दुसऱ्या गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. १ मे २०१८ रोजीं डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू होऊन आपल्या शेतांतील पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करूं लागला. या दोन नोंदी कोरड्या वाटतात. पण त्यांवरच पुढील सर्व इमारत उभी आहे.

ती कशी, हें पाहा. पीककर्ज घ्यावयाचें म्हणजे तलाठ्याचा दाखला, बँकेच्या फेऱ्या, आणि अर्जापासून पैसे मिळेपर्यंत दोन ते चार आठवडे, असा अनुभव होता. सप्टेंबर २०२२ मध्यें रिझर्व बँकेनें किसान क्रेडिट कार्डाचें कर्ज कागदांवांचून देण्याचा प्रयोग हातीं घेतला. १ लाख ६० हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाचा हा प्रयोग मध्य प्रदेश व तमिळनाडू येथें आरंभिला, व पुढें कर्नाटक, उत्तर प्रदेश व महाराष्ट्र येथील निवडक जिल्ह्यांत नेला. गुजरातेंत डेअरीस घातलेल्या दुधाच्या नोंदीवरून दुग्धव्यवसायास कर्ज देण्याचाही असाच प्रयोग झाला. ऑगस्ट २०२४ मध्यें या व्यवस्थेस यु.एल.आय. असें नांव मिळालें. यांत बँकेचें यंत्र राज्याच्या जमीन-अभिलेखांतून शेतकऱ्याच्या संमतीनें नोंद वाचतें आणि त्यावरून कर्जाचा निर्णय होतो. राज्यानें सातबारा डिजिटल केला नसता तर हें शक्य झालें नसतें.

साखळीबद्ध नोंदवहीचाही आपल्या राज्यांत नाण्यावांचून उपयोग झाला आहे. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाच्या गोदामांत ठेवलेल्या शेतमालाच्या पावतीवर राज्य सहकारी बँकेकडून कर्ज देतांना ही पद्धत वापरण्यांत आली. पावती एकदां या वहींत तारण म्हणून नोंदली कीं, तीच पावती दुसऱ्या बँकेकडे गहाण ठेवतां येत नाहीं. त्यामुळें बँकेची धास्ती कमी होते, व सुगीच्या पडत्या भावांत माल विकण्याऐवजीं तो वखारींत ठेवून उचल घेणें शेतकऱ्यास सुलभ होतें. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारख्या टिकाऊ मालास ही सोय विशेष लागू पडते.

परंतु या सुधारणेंत एक धोकाही आहे, व तो आपल्या सभासदांनीं नीट समजून घ्यावा. यंत्र जें लिहिलें आहे तेवढेंच वाचतें. वडील वारल्यावर वारसांची नोंद झाली नसेल, फेरफार अडला असेल, सामाईक खात्याची वांटणी कागदावर आली नसेल, तर पूर्वीं ओळखीचा अधिकारी चार कागद पाहून मार्ग काढी. यंत्र मार्ग काढीत नाहीं, तें नकार देतें. बटाईनें वा खंडानें जमीन कसणारा, आणि पतीच्या नांवच्या शेतांत राबणारी स्त्री, यांचें नांव सातबाऱ्यांत नसल्यामुळें यंत्राच्या दृष्टीनें ते शेतकरीच नव्हत. कर्ज तत्काळ मिळण्याची सोय ज्यांची नोंद शुद्ध आहे त्यांस वर देईल, आणि ज्यांची नाहीं त्यांस पूर्वींहून दूर लोटील.

ही गोष्ट आपल्या भागास नवी नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हां त्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. नोंद सावकाराच्या पेटींत, आणि ती काय सांगते हें ऋणकोस ठाऊक नाहीं, हें त्या दंग्याचें मूळ होतें. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें रोखे गांवच्या निबंधकासमोर करण्याची तजवीज केली ती याचसाठीं. साधनें बदललीं तरी प्रश्न तोच राहिला आहे. माझी नोंद कोणाच्या हातीं आहे, ती मला वाचतां येते काय, व चुकली तर दुरुस्त कोण करील? सरकारच्या कोणत्याही नव्या योजनेस हे तीन प्रश्न विचारावेत.

आभासी नाण्याविषयीं आपला कायदा

भारतांत आभासी नाणें बाळगणें गुन्हा नाहीं. परंतु तें कायदेशीर चलनही नाहीं. रिझर्व बँकेनें ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानें बँकांस या धंद्याशीं व्यवहार करण्याची मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयानें ४ मार्च २०२० रोजीं तें परिपत्रक रद्द केलें. यावरून "न्यायालयानें मान्यता दिली" असें सांगितलें जातें. वास्तविक न्यायालयानें मनाई अवाजवी ठरविली. नाण्याच्या किंमतीची हमी घेतली नाहीं.

२०२२ च्या अर्थसंकल्पीय कायद्यानें या नाण्यांवरील नफ्यास शेंकडा ३० कर लावला, आणि १ जुलै २०२२ पासून ठरीव मर्यादेपलीकडील विक्रीच्या रकमेंतून शेंकडा १ कर आधींच कापून घेण्याचा नियम केला. कर लावला म्हणजे मान्यता दिली असा अर्थ करणें चूक आहे. शिवाय शेतकऱ्यानें यांतील जाच लक्षांत घ्यावा. शेतीचें उत्पन्न आयकरापासून मुक्त आहे. पण त्याच उत्पन्नांतून घेतलेल्या नाण्याचा नफा मुक्त नाहीं. एका नाण्यावर लाख रुपये नफा व दुसऱ्यावर लाख रुपये तोटा झाला, तर हातीं शून्य असतांही तीस हजार रुपये कर व त्यावरील उपकर भरावा लागतो. कारण एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यांतून वजा करण्यास कायद्याची परवानगी नाहीं.

आणि धोका केवळ भावाचाच नाहीं. जुलै २०२४ मध्यें या नाण्यांची देवघेव करणाऱ्या देशांतील एका मोठ्या पेढींतून सुमारें २३ कोटी डॉलर किंमतीचीं नाणीं चोरांनीं संगणकाच्या वाटेनें लांबविलीं. ग्राहकांस आपला पैसा काढण्यासाठीं वर्षाहून अधिक काळ थांबावें लागलें. बँकेंतील ठेवीस, सहकारी बँकेंतील ठेवीसुद्धां, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. आभासी नाण्यास असें कोणतेंच संरक्षण नाहीं.

यापेक्षांही घातक अशा 'योजना' असतात. 'गेनबिटकॉइन' या नांवानें चाललेल्या योजनेंत दरमहा शेंकडा १० प्रमाणें अठरा महिने परतावा देण्याचें आमिष दाखविण्यांत आलें. पुणें येथें व देशांत इतरत्र गुन्हे दाखल झाले, आणि डिसेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हा सर्व तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोंपविला. दरमहा शेंकडा १० म्हणजे दहा महिन्यांत मुद्दलाएवढी रक्कम. एवढा नफा कोणत्या व्यवहारांतून येतो याचें उत्तर ज्यास देतां येत नाहीं, तो नव्या ठेवीदाराच्या पैशांतून जुन्यास परतावा देत असतो. आणि नवे येईनासे झाले कीं शेवटच्यांचें सर्वस्व जातें. यंत्रविद्येचें नांव नवें असलें तरी हा प्रकार जुन्या भिशीबुडव्यांचाच होय.

डिजिटल रुपया

आभासी नाण्याहून डिजिटल रुपया सर्वस्वी निराळा आहे. हा रिझर्व बँकेचाच रुपया. केवळ कागदाऐवजीं मोबाइलमध्यें राहतो. सामान्य लोकांसाठीं त्याचा प्रयोग १ डिसेंबर २०२२ रोजीं मुंबई, नवी दिल्ली, बंगळूर व भुवनेश्वर येथें सुरू झाला. त्याचा भाव चढत नाहीं, उतरतही नाहीं, व त्यावर व्याज मिळत नाहीं. म्हणून "डिजिटल रुपयांत गुंतवणूक करा, दुप्पट होईल" असें सांगणारा सरळ फसवीत आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्यें रिझर्व बँकेनें या रुपयास विशिष्ट कामाशीं बांधून ठेवण्याचे प्रयोग जाहीर केले. उदाहरणार्थ, खतासाठीं दिलेला पैसा खताच्याच दुकानीं चालावा. अनुदान वा कर्ज मध्येंच गळूं नये म्हणून ही सोय उपयोगी आहे. परंतु शेतकऱ्याच्या संसारांत बियाण्याचा पैसा कधीं दवाखान्यांत जातो, तर दुधाचा पैसा कधीं बियाण्यास लागतो. पैसा कोणत्या कामास लावावा हें ठरविण्याचा अधिकार कोणाकडे राहणार, यावर अशा योजनेचें बरेंवाईट अवलंबून राहील. ही व्यवस्था पक्की होण्यापूर्वीं शेतकऱ्यांच्या संस्थांनीं आपलें म्हणणें मांडलें पाहिजे.

सभासदांनीं काय करावें

वरील विवेचनावरून व्यवहाराच्या चार गोष्टी निघतात. पहिली, आपली नोंद आजच शुद्ध करावी. वारसनोंद, फेरफार, सामाईक खात्याची वांटणी, ई-पीक पाहणी व शेतकरी ओळख क्रमांक यांपैकीं जें राहिलें असेल तें हंगामापूर्वीं पुरें करावें. आभासी नाण्यांत दहा हजार घालण्यापेक्षां अडलेला एक फेरफार सोडविण्यांत पत अधिक वाढते. शक्य तेथें घरच्या स्त्रीचें नांव सातबाऱ्यावर घ्यावें.

दुसरी, पीककर्जाचा पैसा कोणत्याही नाण्यांत गुंतवूं नये. किसान क्रेडिट कार्डाचें ३ लाखांपर्यंतचें कर्ज शेंकडा ७ नें व वेळेवर फेडल्यास ४ नें पडतें, म्हणून तो स्वस्त पैसा वळवून नफा काढण्याचा मोह होतो. पण मुदत चुकली तर सवलत जाते, थकबाकी होते व पुढील हंगामाचें कर्ज अडतें.

तिसरी, मोबाइलवरून कर्ज घ्यावयाचें असल्यास रिझर्व बँकेच्या नियमांनीं दिलेलें संरक्षण मागून घ्यावें. कर्जाची रक्कम सरळ ऋणकोच्या बँकखात्यांत आली पाहिजे, मध्यस्थाच्या नव्हे. एकूण व्याज व खर्च एका पत्रकांत आधीं दाखविला पाहिजे. जो हें करीत नाहीं त्याच्या वाटेस जाऊं नये.

चौथी गोष्ट संस्थेची आहे. केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांचें संगणकीकरण करण्यासाठीं २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आपल्या गांवच्या सोसायटीचा हिशेब संगणकावर आला असल्यास प्रत्येक सभासदानें आपलें खातें तेथें जाऊन पाहावें व जुन्या वहीशीं पडताळावें. कारण एकदां चुकीची शिल्लक यंत्रांत गेली कीं तीच पुढें खरी मानली जाते. प्राथमिक सोसायटींतील ठेवीस बँकेच्या ठेवीप्रमाणें विमा नाहीं, हेंही विसरूं नये. तेथें सभासदांची जागरूकता हेंच संरक्षण. वार्षिक सभेंत संस्थेचा राखीव निधि कोठें ठेवला आहे हें विचारावें, आणि तो कोणत्याही आभासी मालमत्तेंत गुंतवावयाचा नाहीं असा ठराव करून घ्यावा.

साल्वादोरच्या सरकारनें लोकांस नाणें दिलें, पण विश्वास देतां आला नाहीं. आपल्याकडे सरकारनें वाटा बऱ्याच सुधारल्या आहेत. त्या वाटेनें शेतकऱ्याच्या घरीं पत पोहोंचते कीं नाहीं हें मात्र त्याच्या सातबाऱ्यावरील शाईवर ठरणार आहे. ती शाई तपासण्याचें काम सरकार किंवा यंत्र आपल्यासाठीं करणार नाहीं. तें ज्याचें त्यानें केलें पाहिजे.